तालीम आणि खुराक (कोल्हापूर)

तालीम म्हणजे कुस्ती शिकायची, अंग कमवायची आणि बाहेरगावच्या पोरांसाठी राहायचीसुद्धा जागा, आणि खुराक म्हणजे त्या मेहनतीला पुरेल असं खाणंपिणं. कोल्हापुरात या दोन गोष्टी कुणी वेगळ्या धरत नाही. जेवढी मेहनत तेवढाच खुराक हा इथला हिशोब, आणि तब्येत आयुष्यभर टिकवायची असेल तर या सगळ्या परंपरेतून घेण्यासारखं हेच आहे, बाकी पिळदार दंड वगैरे नंतरची गोष्ट.

कुस्ती इथे आधीपासून होतीच पण तिला खरा राजाश्रय दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२). लांबलांबून मल्ल आणले, त्यांच्या खुराकाची सोय संस्थानातून केली, आणि १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागृह बघून आल्यावर तसंच मैदान आपल्याकडे पाहिजे म्हणून खासबाग बांधायला घेतलं, ते १९१२ ला पुरं झालं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळाईमाम या तालमींची नावं आजही घेतली जातात. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवणारे खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकायला होते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९५९ ला हिंदकेसरी हा देशपातळीवरचा किताब मिळवणारे श्रीपती खंचनाळे, पुढे मोतीबागेत वस्ताद (कुस्तीचे गुरू) म्हणून कितीतरी पठ्ठे घडवणारे गणपतराव आंदळकर, हीसुद्धा याच मातीतली माणसं.

दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. हौद्यातली, म्हणजे कुस्ती खेळायच्या जागेतली, तांबडी माती आधी खोऱ्याने उकरून मऊ करायची, तिच्यात अधूनमधून ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालतात. मग जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणं आणि वस्तादासमोर लढत, आणि दुपारनंतर परत दुसरी पाळी. जोर मारताना छाती, खांदे, दंड आणि पाठीचा कणा एकाच हालचालीत कामाला लागतात, बैठकांनी मांड्या आणि दम दोन्ही तयार होतात, आणि मशीन काही लागत नाही, हात टेकायला जागा असली की झालं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, त्यामुळे नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र पूर्ण खाली बसायचा हट्ट धरू नये.

खुराकात मुख्य म्हणजे थंडाई. रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलून घोटायच्या कुंडीत टाकायचे, त्यात खसखस, बडीशेप, काळी मिरी, आणि मग लाकडी दांडक्याने घोटत बसायचं, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत, घाई केली की रवाळ राहतं. नंतर दूध घालून फडक्यातून गाळायचं. याशिवाय तूप, केळी, अंडी, भाकरी, आणि मटणाचं अळणी (बिनमसाल्याचा रस्सा). गंगावेशीतला दूध कट्टा तर प्रसिद्धच आहे, म्हशी तिथेच आणून समोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. चव जबरदस्त, पण निरशा दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात त्यामुळे तापवलेलं दूध कधीही चांगलं, लहान पोरं आणि गरोदर बायकांसाठी तर नक्कीच.

आता हिशोबाचं. म्हशीच्या २०० मिली दुधात अंदाजे ७-८ ग्रॅम प्रोटीन आणि साधारण १३ ग्रॅम फॅट असतं. ६० किलोच्या साध्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, ते डाळ, उसळ, भाकरी, दही, अंडी यातून भागतं. पैलवानाचा लिटरच्या हिशोबातला खुराक ऑफिसात बसणाऱ्याने घेतला तर तो अंगाला लागत नाही, पोटाला लागतो. तालमीतल्या जुन्या लोकांना हे चांगलं माहीत असतं, कारण कुस्ती सुटली, मेहनत बंद पडली पण तोंडाची सवय गेली नाही म्हणून पुढे वजन, बीपी, शुगरच्या मागे लागलेले पैलवान त्यांनी पाहिलेले असतात. म्हणून जाणता वस्ताद पोराला सांगतो की मेहनत एकदम सोडू नको, रोज थोडे जोर चालू ठेव आणि तूप-बदाम मात्र हळूहळू उतरव. हा सल्ला कुठल्याही डाएट चार्टपेक्षा लाखमोलाचा आहे.

बायकांना मात्र या सगळ्यापासून फार काळ लांब ठेवलं गेलं, ही परंपरेतली मोठी उणीव. आता मुलींची वेगळी केंद्रं निघालीत, २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि तिची मानाची गदा प्रतीक्षा बागडीने मारली. खुराकाचा खर्च मात्र पोरगा असो की पोरगी, शेतकरी घराला जडच जातो, गावाकडून दुधाची किटली आणि तुपाचा डबा आला की महिना निघतो.