रोबो-मोटार आणि तिची पारख (पुणे)

रोबो-मोटार : सांधे उलगडून आणि पत्रे फिरवून जिचा दोन पायांवर उभा राहणारा यंत्रमानव करता येतो, आणि उलट क्रमाने गेल्यास पुन्हा मोटार करता येते, असे खेळणे. बदल करताना एकही भाग सुटा काढावा लागू नये, ही या प्रकारातली मूळ अपेक्षा. मुलांसाठी निघालेले हे खेळणे गेल्या काही दशकांत मोठ्यांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसले आणि त्याचे बरेवाईट ठरवण्याची संग्राहकांची स्वतःची भाषा तयार झाली. पुण्यात या पारखीला एक वेगळा रंग आहे. पिंपरी, आकुर्डी, चाकण ही नावे वाहनांच्या कारखान्यांशी जोडलेली, वेताळ टेकडीच्या अंगाला वाहन संशोधनाची राष्ट्रीय संस्था, आणि भोसरीपासून पुढे प्लॅस्टिक मोल्डिंगची, डाय-टूलची लहान-मोठी वर्कशॉपे. अशा गावात खेळण्यातली गाडी हातात घेणारा माणूस आधी ती गाडी म्हणून कशी आहे ते बघतो.

उगम. जपानच्या ताकारा कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' ही मालिका काढली. १९८२ पासून तिच्यात खऱ्या मोटारींवरून बेतलेले 'कार रोबो' आले. त्या कथेत यंत्रमानव जिवंत नव्हते. ती माणसाने चालवायची यंत्रे होती, म्हणून सोबत पायांत चुंबक बसवलेला बोटाच्या पेराएवढा चालक मिळे. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने हे साचे घेऊन १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' बाजारात आणली. यंत्रमानवांना नावे, स्वभाव आणि आपसांतले वैर मिळाले. त्यातला मोठा वाटा मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांचा. चालक गेला, पण साचा तोच राहिला, म्हणून त्या काळातल्या अनेक गाड्यांच्या टपाखाली चालकासाठी केलेली आसने तशीच दिसतात. जुन्या खेळण्यांची आवड असलेल्यांना ही रिकामी जागा फार प्रिय असते, आणि ते योग्यच आहे. खेळण्याचा सगळा पूर्वेतिहास तिथे प्लॅस्टिकमध्ये कोरलेला सापडतो. ताकाराचे २००६ मध्ये टोमी कंपनीशी विलीनीकरण झाले. भारतातल्या बऱ्याच जणांची या पात्रांशी ओळख मात्र २००७ च्या चित्रपटानंतरची.

पत्रा कुठे जातो? संग्राहकांच्या साऱ्या वादांच्या मुळाशी हा एक प्रश्न आहे. मोटार म्हणजे बाहेरून मोठी, आतून पोकळ पेटी. यंत्रमानवाला हवेत बारीक हातपाय. मग बॉनेट, टप, दारे, डिकी हा सगळा पसारा उभ्या आकृतीत लपवायचा की मिरवायचा? एकाच गाडीची दोन उत्तरे बघितली की मुद्दा कळतो. १९८४ च्या मालिकेतले 'साइडस्वाइप' आणि 'सनस्ट्रीकर' दोघेही लॅम्बोर्गिनी काउंटाश. पहिल्याची छाती गाडीच्या बॉनेटची होते, दुसऱ्याची टपाची. 'प्राउल' ही निस्सान फेअरलेडी झेड, पोलिसांच्या काळ्या-पांढऱ्या रंगात. तिची दोन्ही दारे खांद्यामागे पंखांसारखी उघडी राहतात. दारे लपवायला जागा नव्हती, म्हणून ती तिथे राहिली, आणि आज त्या दारांशिवाय हे पात्र ओळखू येणार नाही. अडचणीतून आलेली गोष्ट ओळख बनून गेली, याचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात नाही.

आकृतीवर उगाच लोंबणाऱ्या गाडीच्या तुकड्यांना संग्राहक 'किबल' म्हणतात, पाठीवर ते गोळा झाले तर 'बॅकपॅक'. त्याहून मोठी तक्रार 'शेलफॉर्मर'ची. त्यात आत आधीच जवळजवळ पूर्ण यंत्रमानव दडलेला असतो आणि गाडी म्हणजे त्याच्यावर चढवलेले टरफल. पाय सरळ केले, टरफल पाठीवर घडी करून ठेवले, झाला रोबो. चित्रातल्या पात्राशी तंतोतंत जुळणारे रूप हवे असणाऱ्यांना हे चालते. त्यांचे म्हणणे असे, की कपाटात वर्षभर उभा राहणार तो रोबोच, मग तो देखणा असलेला बरा. बाजू समजण्यासारखी आहे. तरीही छातीवर दिसणारा टप खरा गाडीचाच असावा, दिखाव्यापुरता बसवलेला खोटा टप नसावा, हा जुन्या संग्राहकांचा आग्रह प्रस्तुत नोंदीला अधिक पटतो. खोट्या छातीमुळे बदल करण्यातली गंमतच जाते, कारण गाडीचा कोणता भाग शरीराचा कोणता अवयव झाला हे शोधायलाच काही उरत नाही.

गाडी म्हणून परीक्षा. ही परीक्षा कपाटासमोर होत नाही, टेबलावरच्या काचेवर होते. खेळणे गाडीच्या रूपात काचेवर ठेवायचे आणि बोटाने हलकेच ढकलायचे. चारही चाके टेकून फिरली तर ठीक, एखादे अधांतरी राहिले तर आत कुठला तरी खटका नीट बसलेला नाही. मग ट्यूबलाइटच्या उजेडात टपावरच्या जोडरेषेवरून नख फिरवायचे. वाहन कारखान्यात बॉडी शॉपमध्ये काम केलेला माणूस यालाच 'गॅप-फ्लश' म्हणतो : दोन पत्र्यांमधली फट सारखी आहे ना, आणि एक पत्रा दुसऱ्यापेक्षा वर-खाली नाही ना. मोल्डिंगवाला आणखी खाली उतरतो. कडेला 'फ्लॅश' (साच्याच्या फटीतून निसटलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा) सुटली आहे का, जाड भागावर 'सिंक मार्क' (थंड होताना पडणारा खळगा) पडला आहे का, 'गेट'ची (प्लॅस्टिक साच्यात शिरते त्या तोंडाची) खूण दिसेल अशा जागी आली आहे का. एवढ्या लहान वस्तूत अनेक वेगवेगळे पत्रे एकत्र येऊन गाडीचे एक सलग अंग तयार करतात, तेव्हा प्रत्येक भागातली थोडी थोडी चूक बेरजेने शेवटच्या फटीत दिसते. खऱ्या गाडीच्या दारालाही हाच नियम लागू आहे, म्हणून या परीक्षेला पोरखेळ म्हणता येत नाही.

धातू की प्लॅस्टिक. २००३ मध्ये ताकाराने 'बायनलटेक' ही मालिका काढली. प्रमाण १:२४, वाहन कंपन्यांचा परवाना घेतलेल्या गाड्या, उघडणारी दारे आणि बॉनेट, रबरी टायर आणि डायकास्ट म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचे पत्रे. पहिली गाडी सुबारू इम्प्रेझा. हॅस्ब्रोने त्याच साच्यांवरून 'ऑल्टरनेटर्स' काढली, पण धातूऐवजी प्लॅस्टिकमध्ये. यावरून पडलेले दोन तट आजही आहेत. धातूवाल्यांना हातातले वजन आणि गार स्पर्श हवा. त्यांच्या दृष्टीने प्लॅस्टिकची गाडी हलकी, म्हणून दुय्यम. दुसऱ्या बाजूचा मुद्दा व्यवहाराचा आहे : रंगवलेला धातू बिजागरीपाशी घासला की रंगाचा टवका उडतो, आणि वजन वाढले की गुडघ्या-घोट्यांचे सांधे लवकर ढिले पडतात. बदल करत राहायचा असेल तर प्लॅस्टिक घ्यावे, गाडीच्या रूपातच ठेवायची असेल तर धातू. एवढा निवाडा पुरेसा आहे.

२००३ मध्येच सुरू झालेल्या 'मास्टरपीस' मालिकेत पहिला मान ट्रकचा होता. २०१२ मध्ये आलेल्या काउंटाशने मोटारींनाही प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि २०१४ मध्ये बम्बलबी हे पात्र परवानाधारक फोक्सवॅगन बीटल म्हणून आले. मूळ खेळण्यात तो बुटकी, गुबगुबीत बीटल होता आणि पिवळ्याप्रमाणे लाल रंगातही मिळे. २००७ च्या चित्रपटात त्याची शेवरोले कॅमारो झाली, २०१८ च्या चित्रपटात पुन्हा बीटल. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला २००९ पासून आहे, त्यामुळे बीटलबद्दल इथे थोडी अधिक आपुलकी आढळली तर नवल नाही.

रस्त्यावरची रोबो-मोटार. तुळशीबाग, रविवार पेठेतली घाऊक दुकाने, संध्याकाळी सारसबागेबाहेर मांडलेल्या चादरी : इथे मिळते ती वेगळीच जात. सेल घातले, बटण दाबले की गाडी धावते, दिवे लुकलुकतात, गाणे वाजते, आणि मध्येच थांबून ती आपली आपण पुढचा भाग उचलते. टप दुभंगतो, आतून डोके वर येते. थोड्या वेळाने सगळे मिटून गाडी पुन्हा धावू लागते. हे सगळे साधी मोटर आणि काही दातेरी चाके मिळून घडवून आणतात. संग्राहक तिला खिजगणतीत धरत नाहीत. हा अन्याय आहे. हाताने बदलायच्या खेळण्यात प्रत्येक टप्पा माणूस सांभाळून घेतो. इथे चाक, टप आणि डोके यांचा क्रम न चुकता यंत्रानेच पाळायचा असतो, तोही अगदी थोड्या पैशांत. अरविंद गुप्ता यांनी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंची खेळणी करायला शिकवले आणि खेळणे उघडून आत बघण्याची गोडी पुण्याच्या कित्येक मुलांना लावली. तशा मुलाच्या हाती हे खेळणे पडले तर चार स्क्रू काढताच कॅम, म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला ठरल्या वेळी ढकलणारे वेडेवाकडे चाक, काय असते ते त्याला दिसेल.

नकला आणि किंमत. मूळ साच्याची हुबेहूब नक्कल म्हणजे 'केओ' ('नॉक-ऑफ'चे लघुरूप). दुसऱ्या कंपनीने परवाना न घेता स्वतः नव्याने घडवलेले पात्र म्हणजे 'थर्ड पार्टी'. दोन्ही बेकायदा प्रांतातलेच, तरी संग्राहक दोहोंना एका तराजूत घालत नाहीत, कारण दुसऱ्यात रचना स्वतःची असते. नकलेकडे वळण्याचे कारण बहुतेक वेळा किंमत. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूसाठी हा नियम हवाच. मात्र परदेशी बनावटीच्या, प्रौढांसाठीच्या महागड्या प्रतींची वाट त्यामुळे अधिक बिकट झाली.

जपणूक. पांढरे आणि करडे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते. खिडकीजवळचे कपाट म्हणूनच टाळावे. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा उतरवता येतो, पण तो पुन्हा येऊ शकतो. सोनेरी कण मिसळलेले काही जुने प्लॅस्टिक कालांतराने ठिसूळ होऊन हात लावताच फुटते, त्याला उपाय नाही. अशा प्रतीचे रूप बदलण्याचा हट्ट धरू नये. पुण्याचा पावसाळा खोक्यांना मानवत नाही : पुठ्ठ्याला बुरशी धरते, स्टिकरच्या कडा सुटतात, पोलादी पिना गंजतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. डांबराच्या गोळ्या मात्र या कपाटात कधीही ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने स्टायरिन जातीचे प्लॅस्टिक मऊ पडून चिकटते. ढिल्या चेंडू-सांध्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू दिला की पकड परत येते.

सीलबंद ठेवायचे की उघडायचे, यावर एकमत नाही. खोके न उघडलेल्या प्रतीला भाव जास्त मिळतो. पण बदलणे हाच ज्या खेळण्याचा गुण, ते कधीच न बदलता ठेवणे म्हणजे त्याची पारखच न करणे, असे मानणारे पुण्यात कमी नाहीत. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात एखादी सुटी प्रत दिसलीच, तर मुठी, क्षेपणास्त्रे आणि बंदूक जागेवर आहेत का हे आधी बघावे, मग पारदर्शक खिडक्यांच्या बिजागरीपाशी बारीक तडा. हरवलेली मूठ दुसऱ्या मोडक्या प्रतीतून मिळू शकते. तडकलेल्या काचेला मात्र गोंद फार दिवस धरत नाही, तेव्हा भाव करताना ती वजा धरूनच बोलावे.