कस्टमर लॉक-इन : कधी वापरावं, कधी नाही

एकदा आपलं प्रॉडक्ट घेतलेल्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीकडे जाणं महाग किंवा किचकट पडेल अशी रचना मुद्दाम करणं म्हणजे कस्टमर लॉक-इन. हा खर्च दर वेळी पैशातच असतो असं नाही, नंबर बदलणं, डेटा हलवणं, स्टाफला नवीन सॉफ्टवेअर शिकवणं, आधी घेतलेलं सामान वाया जाणं हे सगळं त्यातच येतं.

ही स्ट्रॅटेजी शोभते कुठे, तर जिथे कंपनीने सुरुवातीला स्वतःच्या खिशातून ग्राहकाला काहीतरी मोठं दिलंय आणि अट त्याला आधीच माहीत आहे. आपल्याकडचं ठळक उदाहरण रिलायन्स इन्फोकॉमचं. 2003 च्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ स्कीममध्ये 501 रुपये भरून सीडीएमए (मोबाईलचं एक तंत्रज्ञान) फोन हातात मिळायचा, बाकीचे पैसे नंतर. या फोनमध्ये सिमकार्डच नव्हतं, नंबर हँडसेटमध्येच टाकलेला, त्यामुळे तो दुसऱ्या नेटवर्कवर चालायचा नाही. पण मोबाईल म्हणजे श्रीमंतांची चैन असं ज्यांना वाटायचं त्यांच्या हातात तो आला, म्हणून हा सौदा मला तरी रास्त वाटतो. त्यातही बऱ्याच जणांनी बिलं थकवली आणि कंपनीला त्याचा फटका बसला, म्हणजे बांधलेला ग्राहक पैसे देईलच असं गृहीत धरता येत नाही.

मोबाईलमधला खरा जाच होता नंबरचा. सर्व्हिस कितीही वाईट असली तरी गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना नवीन नंबर कळवत बसायचं म्हणून लोक तिथेच राहायचे, आणि याच्या बदल्यात कंपनीने त्यांना काहीच दिलेलं नसायचं. मग सरकारने मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आणली, 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर. 1900 वर ‘पोर्ट’चा मेसेज टाकायचा, कोड मिळवायचा, फी तेव्हा फक्त 19 रुपये. तरी सुरुवातीला सर्कल (मोबाईल सेवेसाठी पाडलेला विभाग) ओलांडता येत नव्हतं, मुंबईचं सर्कल वेगळं आणि पुणे, नागपूर, गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, त्यामुळे मुंबईहून पुण्याला राहायला गेलेल्याला जुना नंबर पुण्याच्या सर्कलमध्ये नेता यायचा नाही. ते जुलै 2015 मध्ये सुटलं. होम लोनचंही तसंच झालं, जून 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याजदर बदलत राहणाऱ्या होम लोनवर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड घ्यायला बँकांना मनाई केली. नुसत्या अडवणुकीवर उभा असलेला धंदा नियामकाच्या एका कागदाने कोसळू शकतो, प्लॅन करतानाच हे धरायला हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी मोकळं असलेलं नंतर बंद करणं. अमेरिकेत क्युरिगच्या कॉफी मशीनमध्ये के-कप नावाच्या कॉफी भरलेल्या छोट्या डब्या लागतात, त्यांची मुख्य पेटंटं 2012 मध्ये संपली आणि दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त डब्या बाजारात आल्या. यावर 2014 मध्ये कंपनीने ‘क्युरिग 2.0’ काढलं, ते डबीच्या झाकणावरची खास शाई ओळखायचं आणि परकी डबी असली की कॉफीच करायचं नाही, वर आपली कॉफी भरायचा रिकामा कपही चालेना. लोक भडकले, मशीनचा खप घसरला, लवकरच ही तपासणी चुकवायच्या युक्त्याही निघाल्या आणि मे 2015 मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी चूक कबूल करून तो कप परत आणायचं जाहीर केलं.

नवीन, कुणाला माहीत नसलेल्या प्रॉडक्टने तर हे करूच नये. पहिला ग्राहक आधी विचारतो की नाही जमलं तर माझा डेटा बाहेर कसा काढू, आणि उत्तर गोलमोल आलं की तो येतच नाही. तिथे एक्सपोर्टचं बटण पहिल्या दिवसापासून असावं.

टिकाऊ लॉक-इन बहुतेक सवयीतून येतं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरच बघा, दुकानाचा अकाउंटंट त्यात तयार झालेला, सीएकडेही टॅली, डेटा एक्सेलमध्ये काढता येतो तरी वर्षानुवर्षं लोक सोडत नाहीत कारण आजूबाजूच्या सगळ्यांना तेच येतं. असं बांधणं प्रॉडक्ट चांगलं ठेवूनच टिकतं आणि त्यावर ग्राहक चिडत नाही.

क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर डेटा ठेवायच्या धंद्यात, सध्या हाच वाद चालू आहे, डेटा आत टाकायला फुकट आणि बाहेर काढायला पैसे. 2024 च्या सुरुवातीला गुगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी ही फी माफ केली, आणि युरोपियन युनियनच्या डेटा कायद्यानुसार 12 जानेवारी 2027 पासून तिथे क्लाउड बदलण्याची फी घेताच येणार नाही.