फ्रान्सचं प्रजासत्ताक: एका मताने टिकलेलं

फ्रान्सची राज्यक्रांती म्हटलं की शाळेत शिकलेलं तेवढंच आठवतं, १७८९, बास्तीय, गिलोटीन, राजा गेला आणि लोकांचं राज्य आलं. पण १७८९ ला राजा गेलाच नव्हता! राजेशाही रद्द झाली सप्टेंबर १७९२ मध्ये, सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ ला, आणि त्यानंतरही प्रजासत्ताक पक्कं व्हायला ऐंशीच्या वर वर्षं लागली.

पहिलं प्रजासत्ताक युद्धात आणि धान्याच्या टंचाईतच वाढलं. क्रांतिकारी नेता रोब्सपिएरच्या काळातली दहशत, मग जुलै १७९४ मध्ये त्याचंच डोकं उडवलं गेलं. पुन्हा एकाच्या हातात सगळं जायला नको म्हणून पाच डायरेक्टरांचं सरकार आणलं, तर १७९९ ला नेपोलियनने तेच उलथवलं आणि १८०४ मध्ये स्वतः सम्राट झाला.

त्याच्यानंतर परत राजे आले, आणि फेब्रुवारी १८४८ मध्ये दुसरं प्रजासत्ताक. मला हा काळ फार चटका लावतो, कारण केवढी आशा होती त्यात. आधी अडीच लाखांच्या आसपास मतदार होते ते एकदम नव्वद लाखांवर गेले (फक्त पुरुष, बायकांना मत मिळायला १९४४ उजाडलं), वसाहतींमधली गुलामगिरी रद्द झाली, राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा ठरलं, आणि लोकांनी प्रचंड मतांनी निवडलं कोणाला तर नेपोलियनच्या पुतण्याला. घटनेप्रमाणे त्याला लागोपाठ दुसरी टर्म मिळत नव्हती, मग २ डिसेंबर १८५१ ला त्याने सैन्य उतरवून संसदच बरखास्त केली आणि वर्षभरात तिसरा नेपोलियन म्हणून गादीवर बसला. याचा धसका एवढा बसला की पुढे शंभरहून जास्त वर्षं थेट निवडणुकीचं कोणी धाडस केलं नाही.

सप्टेंबर १८७० मध्ये सेदानला तो प्रशियाच्या हाती कैद झाला आणि ४ तारखेला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं, पण १८७१ च्या निवडणुकीत बहुमत आलं राजेशाहीवाल्यांचं, कारण खेड्यापाड्यातल्या लोकांना लढाई थांबायला हवी होती आणि हे लोक तह करू म्हणत होते. त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोरांचं स्वतंत्र सरकार, चिरडताना सरकारी सैन्याने हजारो माणसं मारली.

म्हणजे राजा आणायला सगळं तयार होतं. राजघराण्याच्या दोन शाखा, त्यांच्यात समझोताही झाला की आधी थोरल्या शाखेचा शांबोरचा काउंट, त्याला मूलबाळ नाही, त्यामुळे त्याच्यानंतर ऑर्लेआं शाखेचा वारस. पण शांबोर झेंड्यावर अडून बसला. त्याला पूर्वजांचा पांढरा झेंडा हवा, राज्यक्रांतीतला फ्रेंच तिरंगा नाही म्हणजे नाही, आणि तिरंगा सोडायला सैन्य तयार होईना. १८७३ मध्ये त्याने पत्र लिहून परत तेच सांगितलं. मग राजेशाहीवाल्यांनी मार्शल मॅकमॉनला सात वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष केलं, हिशोब असा की तेवढ्यात शांबोर जाईल आणि दुसऱ्या शाखेचा मार्ग मोकळा होईल.

आणि ३० जानेवारी १८७५ ला वालों नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापक खासदाराने एक साधी दुरुस्ती मांडली, ‘प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष’ दोन्ही सभागृहं मिळून निवडतील, सात वर्षांसाठी. बाजूने ३५३, विरोधात ३५२. कुठलीही मोठी घोषणा नाही, कलमात तो एक शब्द बसला आणि प्रजासत्ताक कायद्यात आलं! शांबोर गेला १८८३ मध्ये, तोपर्यंत राजेशाहीवाल्यांकडे ना संसद उरली होती ना राष्ट्राध्यक्षपद.

मधल्या काळात, १८७७ मध्ये, मॅकमॉनने सभागृह विसर्जित करून पाहिलं आणि निवडणूक हरला, तेव्हापासून राष्ट्राध्यक्ष नावापुरता आणि संसद सर्वेसर्वा. सरकारं सतत पडायची, तरी तिसरं प्रजासत्ताक जुलै १९४० पर्यंत टिकलं, जेव्हा जर्मनांपुढे हरल्यावर संसदेनेच ५६९ विरुद्ध ८० मतांनी मार्शल पेतां या म्हाताऱ्या सेनानीला सगळे अधिकार देऊन टाकले. त्या ८० जणांबद्दल मला खरंच आदर वाटतो.

महायुद्धानंतर आलेल्या चौथ्या प्रजासत्ताकातही तीच पडझड, बारा वर्षांत वीसच्या वर सरकारं, वरून अल्जीरिया या वसाहतीतलं स्वातंत्र्ययुद्ध. १९५८ मध्ये महायुद्धातले नेते जनरल द गॉल परत सत्तेवर आले आणि त्यांनी पाचव्या प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्ष बलवान केला, १९६२ ला सार्वमत घेऊन थेट निवडणूकही आणली. टर्म मात्र सातच वर्षांची ठेवली, शांबोरच्या मरणाची वाट बघताना ठरलेली. ती पाच वर्षांवर आली २००० च्या सार्वमतात, आणि शिराक यांची १९९५ ते २००२ ही शेवटची सात वर्षांची टर्म.