मध्ययुगीन विद्यापीठांत पृथ्वी सपाट होती का?

‘मध्ययुगात चर्च पृथ्वी सपाट असल्याचं शिकवायचं, म्हणून ख्रिस्ती श्रद्धा आणि विद्यापीठ यांचं कधी जमलंच नाही.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. अनेकांनी तो शाळेतच ऐकलेला असतो, त्यामुळे खरा वाटणं स्वाभाविक आहे.

आधी तेव्हाचा अभ्यासक्रम पाहू. युरोपातल्या विद्यापीठांत धर्मशास्त्राकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी आधी अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र शिकत. खगोलशास्त्राचं प्रचलित पाठ्यपुस्तक 13व्या शतकातलं, आणि त्याचा विषयच ‘गोल’. त्यातले पुरावे आजही पटतात. एकच चंद्रग्रहण पूर्वेकडच्या लोकांना रात्री उशिरा दिसतं, पश्चिमेकडच्यांना लवकर. किनाऱ्यावरची खूण डोलकाठीच्या टोकावरून दिसते तेव्हा खाली उभ्या खलाशाला ती दिसत नाही.

सपाट पृथ्वी मानणारे ख्रिस्ती लेखक झालेच नाहीत असं नाही. 4थ्या आणि 6व्या शतकात असे एक-दोघे सापडतात, पण विद्वानांनी त्यांचं मत स्वीकारलं नाही. सगळ्या मध्ययुगावर हा शिक्का प्रामुख्याने 19व्या शतकातल्या लेखनातून बसला. श्रद्धा जपत संशोधनात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आजही त्याच आधारावर ‘एक काहीतरी निवड’ असं सांगितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पडताळा सोपा आहे. त्या पाठ्यपुस्तकाची हस्तलिखितं ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहांत आहेत, आकृत्या बघा. मध्ययुगीन राजांच्या चित्रांत हातातली क्रूस लावलेली वस्तूही पाहा. तो जगाचं प्रतीक असलेला गोळा आहे.