गव्हाच्या दाण्याला पांढरा डाग का पडतो?

बन्सी गव्हाचा दाणा ब्लेडने आडवा कापून उजेडासमोर धरा. चांगला दाणा आतून मधाच्या रंगाचा, काचेसारखा दिसतो. काहींच्या पोटात मात्र खडूसारखा पांढरा भाग असतो. बहुतेक वेळा ती दाणा भरताना नत्र कमी पडल्याची खूण असते. प्रथिन पुरेसे असले की स्टार्चचे कण त्यात गच्च बसतात आणि उजेड आरपार जातो. ते तोकडे पडले की कणांमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या राहतात, उजेड विखुरतो, दाणा पांढरट दिसतो. दळताना अशा दाण्याचा रवा कमी पडतो, पीठच जास्त होते. शेवयांसाठी बन्सी घेणाऱ्याला ते परवडत नाही.

स्टार्च मुख्यतः फुलोऱ्यानंतरच्या उन्हावर तयार होतो. शेंड्याचे पान आणि हिरवी ओंबी रोजच्या रोज साखर बनवून दाण्याला पुरवतात. प्रथिनासाठी लागणारे नत्र मात्र बहुतांशी आधीच पानांत आणि काडीत साठलेले असते. दाणे चिकात आल्यावर खालची पाने पिवळी पडत जातात, ती हे नत्र वर ओंबीत सोडतच. म्हणून थंडी लांबली, ऊन स्वच्छ पडले, दाणा टपोरा झाला आणि नत्र बेताचेच होते, तर प्रथिनाचा टक्का घसरतो.

आता आकडेमोड करून बघू. दाणा 45 मिलिग्रॅमचा, त्यात प्रथिन 4.5 मिलिग्रॅम, म्हणजे 10 टक्के. बांधावरच्या बाभळीच्या सावलीतला दाणा 32 मिलिग्रॅमवरच थांबला आणि प्रथिन 4.2 मिलिग्रॅम भरले, तर टक्का 13 वर जातो. कागदावर माल उजवा, हातात मात्र सुरकुतलेला दाणा! त्यामुळे टक्क्यासोबत हजार दाण्यांचे वजनही पाहावे. सावलीतले पीक मागे पडले म्हणून तिथे जादा युरिया टाकणे तर उलटच अंगाशी येते. कमी उजेडात काडी आधीच लांब आणि नाजूक झालेली असते, नत्राने ती लोळते.

महाराष्ट्रात बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश देतात. निम्मे नत्र पेरताना, उरलेले 60 किलो तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याच्या वेळी. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे हा दुसरा हप्ता साधारण 130 किलो युरियाचा. कोरड्या जमिनीवर फेकून पाणी लांबवले, तर त्यातले बरेच नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

हे नत्र मुख्यतः फुटवे आणि उत्पादन वाढवते. दाण्यातल्या प्रथिनासाठी फुलोऱ्याच्या सुमारास 2 टक्के युरिया फवारता येतो, 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम. हेक्टरी 500 लिटर पाणी धरले तरी त्यातून नत्र जाते जेमतेम 4.6 किलो, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. फवारणी संध्याकाळी करावी. भर उन्हात पाने करपतात, आणि शेंड्याचे पान करपले की स्टार्चही घटतो.

गंधकाकडे सहसा कोणी बघत नाही. ग्लुटेनचे, म्हणजे कणीक चिवट करणाऱ्या प्रथिनाचे, धागे एकमेकांना बांधायचे काम गंधकच करते. नत्र भरपूर आणि गंधक कमी असले तर प्रथिनाचा आकडा चांगला येतो, पण कणीक ताठर होते आणि ताणली की तुटते.