घराचं काम काढलंय? एसी सगळ्यात शेवटी घ्या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर)

रिनोव्हेशनसाठी आमच्याकडे आलेले बरेच जण पहिले टाइल्सचं विचारतात आणि लगेच दुसरं म्हणजे दीड टनाचा एसी पुरेल का. एसीवर आमचा राग नाही, पण वरच्या मजल्यावर राहत असाल तर मे महिन्यात एकदा रात्री दहाला स्टुलावर चढून बेडरूमच्या छताला हात लावून बघा, चांगलं गरम लागेल, कारण दिवसभर स्लॅबने ऊन प्यायलेलं असतं आणि रात्रभर तो ते खाली सोडत राहतो, मग एसीचा निम्मा जीव त्यातच जातो.

म्हणून आधी गच्ची. वॉटरप्रूफिंग आणि पाण्याचा उतार नीट करून घ्या, त्यावर ५० एमएमचा एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलसारखाच पण कडक), वरून कोबा आणि पांढरा चायना मोझॅक (टाइल्सचे तुकडे बसवलेली फरशी). खर्च जास्त आहे, खोटं कशाला बोलायचं, पण त्यावर बिनधास्त चालता येतं, वाळवण घालता येतं. बजेट नसेल तर नुसता पांढरा कूल रूफ पेंट मारा, त्यानेही फरक कळतो, फक्त धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवा आणि दोन-तीन वर्षांनी परत कोट मारा. फॉल्स सीलिंग करून गरमी जाईल असं समजू नका, थोडी कमी होते, पण वर स्लॅब गळत असेल तर पीओपीवर डाग पडेपर्यंत कळतसुद्धा नाही.

पश्चिमेची खिडकी हा दुसरा चोर. आतून कितीही जाड पडदा लावा, ऊन काचेतून आत आलेलंच असतं, ते बाहेरच अडवायला पाहिजे, छज्जा वाढवा, बांबूची चिक लावा किंवा आपल्या जुन्या वाळ्याच्या ताट्या. कुलर वापरत असाल तर (कोरड्या मे महिन्यात एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत काम भागतं) समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला जागा ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा.

आता पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, चार पंखे म्हणजे ६४-६५, आणि महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलून रेट चढतो म्हणून हे छोटं वाटलं तरी छोटं नाही. जुन्या रेग्युलेटरवर बीएलडीसी चालवू नका, इलेक्ट्रिशियनला डायरेक्ट सप्लाय द्यायला सांगा, हे पीओपीच्या आधीच. गिझरचा पॉइंटही नळाच्या जवळ घ्या, लांब पाइपात गरम पाणी उगाच थंड होत पडतं.

स्टार रेटिंगबद्दल विचारतात म्हणून सांगतो. एसीवरचे स्टार बघताना लेबलवरचं वर्षही बघा, जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले तेव्हा आधीचा ५ स्टार ४ वर आला होता. घरालाही बीईईचं (स्टार देणारी केंद्र सरकारची ऊर्जा-बचत संस्था) १ ते ५ स्टारचं लेबल असतं, पण ते ऐच्छिक आहे. २०१८ च्या इको निवास संहितेत (घरं कमी तापावीत, वीज वाचावी म्हणून केलेले केंद्राचे निकष) छताचा यू-व्हॅल्यू (म्हणजे गरमी किती आरपार जाते) १.२ च्या वर नको असं दिलंय, आणि आपला उघडा स्लॅब त्याच्या दुपटीच्या वर जातो, आता बोला.

सोलर बसवायचं असेल तर गच्चीचं काम झाल्यावरच. आधी स्टँड ठोकून मग वॉटरप्रूफिंगला बोलावणारे लोक आम्हाला दरवर्षी भेटतात, सगळे पॅनल खाली उतरवावे लागतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, सावली मिळून पॅनलखालचा स्लॅबही कमी तापतो.

आम्ही मोजमापाला दुपारी चारनंतर येतो, तेव्हा पश्चिमेची भिंत खरं काय ते सांगते. येण्याआधी फेब्रुवारीचं आणि मेचं लाइट बिल तेवढं काढून ठेवा.