आयक्यू मोटिफ

आयक्यू मोटिफ म्हणजे कॅल्मॉड्युलिन आणि त्याच्या कुळातील कॅल्शियम-संवेदी प्रथिनांना धरून ठेवणारा ॲमिनो आम्लांचा छोटा अनुक्रम. नावाचा बुद्ध्यांकाशी संबंध नाही. ॲमिनो आम्लांच्या एकाक्षरी लिपीत आयसोल्युसीन ‘आय’ आणि ग्लुटामिन ‘क्यू’ असे लिहितात. अनुक्रमाची सुरुवात या जोडीने होते, इतकेच.

मोटिफच्या गाभ्यात ११ जागा असतात. पहिली आयसोल्युसीनची, दुसरी ग्लुटामिनची, सहावी आर्जिनीनची, सातवी ग्लायसीनची आणि अकरावी पुन्हा आर्जिनीनची. उरलेल्या सहा जागी कोणतेही ॲमिनो आम्ल चालते. नेमलेल्या जागांवरही निसर्ग फार काटेकोर नसतो: आयसोल्युसीनऐवजी ल्युसीन किंवा व्हॅलीन, आर्जिनीनऐवजी लायसीन सर्रास दिसते. ग्लुटामिन मात्र सहसा बदलत नाही. त्यामुळे नुसता अनुक्रम पाहून ‘इथे कॅल्मॉड्युलिन बसते’ असे म्हणणे धोक्याचे. प्रयोगाने पडताळावे लागते.

कॅल्मॉड्युलिन हे १४८ ॲमिनो आम्लांचे प्रथिन. त्याच्या दोन टोकांना दोन गोलके असतात आणि प्रत्येक गोलक दोन कॅल्शियम आयन धरतो. विश्रांतीच्या वेळी पेशीद्रवात कॅल्शियम सुमारे ०.१ मायक्रोमोलर असते. संदेश आला की ते दहापट किंवा त्याहूनही अधिक वाढते. कॅल्मॉड्युलिनला बांधणारे बहुतेक अनुक्रम या वाढीची वाट पाहतात. आयक्यू मोटिफचे वेगळेपण इथेच आहे. संपूर्ण आयक्यू मोटिफ बहुधा कॅल्शियम येण्याआधीच कॅल्मॉड्युलिनला पकडून ठेवतो. मोटिफ सर्पिल दांड्यासारखा असतो, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला कॅल्मॉड्युलिनचा मागचा (साखळीच्या शेवटाकडचा) गोलक अर्धवट उघडून कवेत घेतो आणि दुसऱ्या अर्ध्यापाशी पुढचा गोलक टेकतो. दुसरा अर्धा भाग अपुरा असला, तर पकडीसाठी सहसा कॅल्शियम लागते.

मायोसिन-५ मध्ये हे सर्वांत छान दिसते. पेशीतले ओझे वाहणाऱ्या या दुपायी मोटरच्या प्रत्येक मानेत सहा आयक्यू मोटिफ एकापुढे एक असतात. एकटा सर्पिल दांडा लवचिक; त्यावर कॅल्मॉड्युलिन किंवा ‘हलक्या साखळ्या’ म्हणवली जाणारी तत्सम लहान प्रथिने बसली की मान ताठ होऊन तरफेसारखी चालते. ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूवर या मोटरचे पाऊल सुमारे ३६ नॅनोमीटर पडते. मोटिफ काढून मान आखूड केली की पाऊलही आखूड पडते. स्नायूंच्या मायोसिन-२ ला प्रत्येक मानेत दोनच मोटिफ पुरतात.

हृदयातील एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिनीत, म्हणजे पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या प्रथिनाच्या दारात, काम निराळे आहे. तिच्या शेपटीतल्या आयक्यू भागापाशी कॅल्मॉड्युलिन आधीच हजर असते. वाहिनी उघडते, कॅल्शियम आत शिरते, शेजारच्या कॅल्मॉड्युलिनला लागते आणि वाहिनी निष्क्रिय होते. म्हणजे जे आत आले त्यानेच दार लोटले! या मोटिफचे महत्त्व १९९९ मध्ये आयसोल्युसीन बदलून केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. संवेदक दूर कुठेतरी तरंगत असता, तर इतकी झटपट दखल घेणे अवघड गेले असते.

मज्जापेशींतील न्यूरोग्रॅनिन हे प्रथिन नेमके उलटे वागते. ते कमी कॅल्शियममध्ये कॅल्मॉड्युलिन धरते आणि वाढत्या कॅल्शियममध्ये सोडते. त्याच्या मोटिफमधल्या सेरीनवर प्रोटीन कायनेज-सी या विकराने फॉस्फेट चढवला की पकड सुटते.

मोटिफच्या संख्येत एएसपीएम या प्रथिनाचा हात कोणी धरणार नाही: माणसात त्याच्याकडे सत्तरहून अधिक आयक्यू आहेत. त्याच्या जनुकातील दोषांमुळे मेंदू जन्मतः लहान राहतो. फळमाशीत ही संख्या बरीच कमी असल्याने मोटिफ वाढले तसा मेंदू वाढला, अशी कल्पना सुचली होती. पण मोटिफची संख्या मोजून मेंदूचा आकार सांगता येत नाही.

वनस्पतींनी तर आयक्यू मोटिफ असलेल्या प्रथिनांचे स्वतंत्र कुळच जोपासले आहे, आयक्यूडी नावाचे. टोमॅटोतील ‘सन’ जनुक त्यातलेच. ‘रायडर’ नावाच्या उडत्या जनुकाने (जनुकसंचात जागा बदलू शकणाऱ्या डीएनए-तुकड्याने) त्याची एक प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर नेली, तिथे ती अधिक कार्यरत झाली आणि त्या वाणांची फळे गोल न राहता लांबट झाली. हे २००८ मध्ये उलगडले.